बारदान्याचा ठसा

सोळा मे, शनिवार. काम साधं होतं. राजापेठच्या मागच्या गल्लीत खड्डा खणायचा, जुन्या गटारीचा एक जोड कापून बाहेर काढायचा, त्या जागी नवा पाईप बसवायचा आणि ऊन चढायच्या आत खड्डा बुजवायचा. ऊन अर्थातच आधी चढलं. मे महिन्यात अमरावतीत सकाळचं जे ऊन असतं, ते बाहेरच्या माणसाला दुपारचं वाटतं.

खड्ड्याभोवती नेहमीप्रमाणे माणसं जमली. कोपऱ्यावर कूलर दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचं दुकान आहे. हातातलं काम तसंच ठेवून ते खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले. मला ते बाजी म्हणतात, म्हणजे ताई.

"बाजी, पानी की लाइन है क्या?"

"नाही चाचा, गटारीची. भूकंप आला तर टिकेल का, ते बघतोय."

"भूकंप? अमरावती में?" चाचांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. "तारीख बता देना बाजी, उस दिन दुकान बंद रखूंगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "या रस्त्यानं गाडी चालवून पाहा मॅडम, रोजच भूकंप हाय."

सगळे हसले. मीही हसले. हे मी वर्षभर ऐकते आहे आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही. आमच्याकडे जमीन क्वचित हलते. मेळघाटाकडच्या एखाद्या गावात कधी जमिनीतून आवाज येतो, मांडणीवरची भांडी वाजतात, लोक काही दिवस अंगणात झोपतात आणि मग विसरून जातात. पण महापालिकेत शहराखालच्या गटारी भूकंपाच्या दृष्टीने तपासायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पाण्याची लाइन फुटली तर रस्त्यावर कारंजं उडतं आणि लोक लगेच फोन करतात. गटार फुटली तर वर काहीच दिसत नाही. मैला जमिनीत मुरतो, बोअरच्या पाण्यात उतरतो, आणि दवाखान्यांत गर्दी झाली की मग आम्ही शोधायला लागतो. म्हणून आधीच बघून ठेवायचं. पाईप कशाचा, जोड कसला, भोवतीची माती कोणती, जमिनीतलं पाणी किती खोल. त्यावरून नकाशावर प्रत्येक लाइनला रंग द्यायचा. टिकेल ती हिरवी, सांगता येत नाही ती पिवळी, तुटेल ती लाल.

या गल्लीतली लाइन माझ्या वडिलांनी टाकलेली आहे.

बाबा तेव्हा ओव्हरसियर होते. लाइन चिनी मातीच्या पाईपांची होती, तपकिरी, लोणच्याच्या बरणीसारख्या चकचकीत. एका पाईपाचं टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचं, फटीत डांबरात बुडवलेला काथ्या ठोकायचा आणि वरून सिमेंट भरायचं. एवढं सगळेच करत. बाबा त्यावर आणखी वीतभर रुंदीचा सिमेंटचा पट्टा चढवत. तो त्यांना कुणी सांगितला नव्हता. "गटार गळते ते जोडातून," ते म्हणायचे, आणि जोड गळू नये म्हणून जे जे सुचेल ते करायचे.

सिमेंट पक्कं व्हायला अनेक दिवस ओलं ठेवावं लागतं. मजूर संध्याकाळी घरी जायचे आणि रविवारी यायचेच नाहीत. सिमेंटला रविवार कळत नाही, म्हणून रविवारी आमचं घर कामाला लागायचं. आई कापसाच्या जिनिंगमधून टाकून दिलेला बारदाना, म्हणजे जुनं गोणपाट, आणायची, सरकीची घाण धुऊन काढायची, त्याच्या पट्ट्या कापायची आणि दाभणाने टाके घालून त्या एकमेकींना जोडायची. सिमेंटचा पट्टा ओला असतानाच त्यावर हा बारदाना घट्ट गुंडाळायचा आणि वरून पाणी घालत राहायचं. बादली आईकडे, तांब्या माझ्याकडे, आणि धाकट्या भावाकडे डालड्याचा रिकामा डबा. शेजारच्या पोरी रविवारी छत्री तलावावर जायच्या. आम्ही खंदकावर.

आई कुरकुरायची, पण पाणी घालणं थांबवायची नाही.

"लोकाइच्या बाया तुळशीले पाणी घालतात. मी गटारीले घालून राहिली."

"तुळस वाळली तं दुसरी लावता येते," बाबा खंदकातून म्हणायचे.

"हव. अन् बायको वाळली तं?"

"तिच्यावरबी बारदाना गुंडाळतो, थांब."

आई उरलेलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतायची. खंदकाच्या काठावर बसून आम्ही दोघं खिदळायचो. मग डबा भरायला पुन्हा नळावर.

यंदा मार्चमध्ये आम्ही त्या लाइनीत कॅमेरा सोडला. हल्ली माणूस उतरवत नाहीत. चाकांवरचा कॅमेरा चेंबरमधून आत जातो आणि वर गाडीत पडद्यावर चित्र दिसतं. पहिला जोड आला. उत्तम. दुसरा आला. तोही उत्तम. इतक्या जुन्या लाइनीत असे जोड मी पाहिले नव्हते. कुठे बाहेरून झिरपलेला पाण्याचा थेंब नाही, झाडाचं मूळ नाही. कॅमेरा चालवणारा म्हणाला, "मॅडम, कुणी बांधलंय हो हे?" मी सांगितलं नाही, कारण तोवर मला दुसरी गोष्ट दिसली होती. जोडाच्या अलीकडे, जिथे बाहेरचा पट्टा संपत असणार तिथे, पाईपाला गोल तडा होता. पुढच्या जोडापाशीही तसाच. लाइन संपेपर्यंत तेच चित्र पुन्हा पुन्हा येत राहिलं. जोड शाबूत आणि शेजारी पाईप तडकलेला.

कारण शोधावं लागलं नाही. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते. दरवर्षी ती पाईपाला जरा वर उचलते आणि जरा खाली सोडते. जोडाला थोडी हालचाल करता आली, तर पाईप त्या मातीबरोबर वाकतो आणि वाचतो. बाबांचे जोड हलत नव्हते. ते हलू नयेत म्हणूनच तर सगळी मेहनत होती. मग माती जे हलवायची, ते सगळं पट्ट्याच्या काठावर पाईपाला सोसावं लागलं. मातीने जे वर्षानुवर्षं हळूहळू केलं, ते भूकंप मिनिटभरात करतो. बाजूच्या रस्त्यावर नंतरच्या काळातली लाइन आहे, रबरी रिंग असलेल्या जोडांची. ती टाकली तेव्हा बाबा तिला 'बरणीच्या झाकणाचं रबर' म्हणायचे. तिच्यातही आम्ही कॅमेरा सोडला. तिला काहीही झालेलं नव्हतं.

त्यात बाबांचा दोष नव्हता. त्या काळी मजबूत म्हणजे कडक, असंच सगळे समजत. पुस्तकांतही तसंच होतं. बाबांनी ते इतरांपेक्षा जास्त मनापासून केलं. इतरांच्या लाइनी जोडात गळल्या, पण पाईप कमी तडकले. हे मी अहवालात लिहू शकत होते. बाबांना कसं सांगायचं, ते समजत नव्हतं.

बाबा आता अकोल्याला भावाकडे असतात. आई गेली, त्यानंतर काही महिन्यांतच न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते खाटेवर आहेत. डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी हृदय अशक्त आहे म्हणून सांगितलंय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगतात, "माह्या लाइनीचा एक जोड गळलेला दाखवा." नोकरीतल्या बाकीच्या गोष्टी ते विसरले, किंवा त्यांना सांगाव्याशा वाटत नाहीत. आईबद्दल तर ते बोलतच नाहीत. ही लाइन मात्र त्यांच्याजवळ राहिली होती. मी तिची तपासणी करून नकाशावर तिला रंग देणार आहे हे कळल्यापासून दर फोनवर आधी तोच प्रश्न.

"पाह्यली का माह्यी लाइन?"

"पाहणं सुरू आहे बाबा."

"जोड पाह्यजो बरं."

मार्चपासून मी हेच उत्तर देत होते. भाऊ म्हणाला, "सांगून टाक ना ताई, मस्त हाय म्हणून. ते काय खाली उतरून पाहणार हायेत?"

गंमत म्हणजे खोटं बोलायचीही गरज नव्हती. एकही जोड गळलेला नाही, हे खरंच होतं. तेवढंच वाक्य बोलून थांबलं असतं, तर त्यांना जे ऐकायचं होतं ते मिळालं असतं, आणि मरेपर्यंत पुरलं असतं. पण लाल लाइन म्हणजे रस्ता खणला जाणार. अमरावतीहून त्यांचे जुने सोबती अधूनमधून अकोल्याला जातात. खाटेपाशी बसून चहा पिता पिता कुणीतरी सहज बोलून गेलं असतं, "साहेब, तुमची लाइन काढली बरं का." त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, असं मी ठरवलं. आणि मग दोन महिने सांगितलं नाही.

शनिवारच्या खड्ड्यात हे सगळं माझ्या डोक्यात नव्हतं. कॅमेऱ्याला आतून दिसतं, बाहेरून दिसत नाही. म्हणून एक जोड प्रत्यक्ष काढून कॉलेजच्या प्रयोगशाळेत मशीनवर वाकवून पाहायचा होता. किती जोर लावल्यावर तुटतो, कुठे तुटतो, ते कळल्याशिवाय माझ्या लाल रंगाला अर्थ नव्हता. मिस्त्रीने दोन्ही बाजूंनी पाईप कापला. दोघांनी मिळून तो तुकडा वर घेतला आणि मी त्यावर बादलीभर पाणी ओतलं.

काळी माती धुऊन गेली आणि खाली पट्टा दिसला. पट्ट्यावर बारदान्याची वीण उमटलेली होती, उभे आडवे धागे, काल गुंडाळल्यासारखे स्पष्ट. आणि त्या विणीच्या मधोमध तिरकी ओळ. एक टाका लांब, एक आखूड, शेवटी जाड गाठ. दाभणाचे टाके.

"नक्षी काढली का काय मॅडम याच्यावर?" मिस्त्रीने विचारलं.

"बारदाना गुंडाळत असत," मी म्हटलं. "उचला, गाडीत ठेवा."

प्रयोगशाळा शनिवारी दुपारपर्यंत उघडी असते. तिथेच न्यायचं ठरलं होतं. मी फोन करून सोमवारी आणते म्हटलं आणि गाडी घराकडे वळवायला सांगितली. घरी नेण्याचं काहीही कारण नव्हतं. अंगणात टाकीजवळ तो तुकडा उतरवून घेतला, ब्लिचिंग पावडर लावून घासला, धुतला. गटारीचा पाईप होता शेवटी. मग स्वतः अंघोळ केली आणि अकोल्याला भावाला कळवलं की उद्या येते.

रविवारी मूर्तिजापूरमार्गे बसने गेले. खिडकीतून येणारा वारा भट्टीचा होता. शेतं नांगरून पडली होती आणि ढेकळांमधल्या भेगा रस्त्यावरूनही दिसत होत्या.

बाबांची खाट पुढच्या खोलीत कूलरसमोर आहे. खाटेवरून दिसेल अशा जागी भिंतीवर खिळ्याला त्यांची सिमेंट लिंपायची थापी टांगलेली असते, मूठ झिजलेली, पण पातं स्वच्छ. भाऊ दर दसऱ्याला तिला तेल लावतो.

"कवा आली?"

"आत्ताच."

"ऊन लय हाय. पाणी पे." मी तांब्या तोंडाला लावला तोच, "पाह्यली?"

"पाहिली."

"मंग?"

भाऊ आतल्या दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"एकही जोड गळलेला नाही, बाबा."

"म्हटलं नोतं?" हे भावाला. "म्हटलं नोतं तुले? एक नाही!" त्यांनी उशीवर डोकं टेकवलं. आई गेल्यापासून त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. भाऊ हायसं वाटून आत वळला. इथे थांबता आलं असतं.

"पण पाईप तडकलेत," मी म्हटलं. "जोडाच्या शेजारी. सगळ्या लाइनीत."

कूलर चालू होता. भाऊ परत दारात आला.

"शेजारी म्हंजे कुठं?"

"पट्ट्याच्या काठालाच."

"दोनी बाजूनं?"

"बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंनी."

ते छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पट्टा कडक झाला."

"हो. आणि माती हलते ना, त्यामुळे पाईपाला..."

"मले नोको शिकवू. समजलं."

वहिनी चहा घेऊन आल्या आणि खोलीतलं बघून कप ठेवून परत गेल्या.

"भूकंप आला तं मंग?"

"तिथेच तुटेल. सगळी एकदम."

"म्हंजे लाल."

"लाल."

"अन् ते रबरवाली?"

"ती चांगली आहे."

"बरणीचं झाकण," बाबा म्हणाले आणि हसले. त्यांनी तसं हसायला नको होतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "एक जोड बाहेर काढलाय. त्याच्यावर बारदान्याचा ठसा आहे. आईचे टाके दिसतात."

"वाकडेच असतीन."

"वाकडेच आहेत."

"मी सांगो तिले, सरळ घालत जा म्हणून. तं म्हणे, गटारीत कोन पाहाले येते?" त्यांनी हात पांघरुणावर ठेवला. "कुठं हाय तो जोड?"

"माझ्या घरी."

"घरी काहून? मशीनवर लावाले काढला ना?"

"हो."

"मंग?"

"तुटेल बाबा. ठसाही जाईल."

"तोडल्याबिगर कसं समजन?" आवाज क्षणभर खंदकातला झाला. "लावजो उद्या. अन् आकडा सांगजो मले."

मग ते भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला उठवलं तेव्हा अर्धी भाकरी खाल्ली. लाइनीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटायला आले, कापसाबद्दल आणि उन्हाबद्दल बोलून गेले. त्यांनाही बाबा काही म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते, की आता म्हणतील, एक जोड दाखवा गळलेला. ते वाक्य आलं नाही.

स्वयंपाकघरात भाऊ हळू आवाजात म्हणाला, "काय भेटलं ताई तुले?"

"रस्ता खणल्यावर कुणीतरी सांगितलंच असतं."

"सांगितलं असतं. पण ते तू नसती."

मी ओट्यावरची ताटं घेऊन घासायला बसले. वहिनी म्हणाल्या, "ठेवा ताई, मी घासते." मी घासत राहिले.

दिवेलागणीला बाबांनी वहिनींना हाक मारली. "सूनबाई, ते थापी काढून आत ठेवजो बरं. गंज चढून राहिला तिले."

थापीला गंज नव्हता. वहिनींनी ती खिळ्यावरून काढली, पदराने पुसली आणि आतल्या पेटीत ठेवली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट डाग राहिला.

सोमवारी सकाळी मी पहिल्या गाडीने निघाले. बाबा झोपलेले होते, किंवा डोळे मिटून पडले होते. मी हाक मारली नाही. घरी पोचल्यावर ऑफिसची गाडी बोलावली, तो तुकडा गोणीवर ठेवून कॉलेजात नेला आणि मशीनवर चढवायला सांगितला. लॅबमधल्या माणसाने विचारलं, "मॅडम, आधी याचा फोटो काढू का? डिझाइन आहे वर." मी म्हटलं, तडा जातो तिथला काढा. जोर वाढत गेला आणि पाईप पट्ट्याच्या काठावर तुटला, कॅमेऱ्यात दिसला होता तिथेच. जोड शाबूत होता. मग नियमाप्रमाणे त्यांनी जोडही फोडला. त्याला बराच वेळ आणि पाईपापेक्षा कितीतरी जास्त जोर लागला.

व्हरांड्यात येऊन मी अकोल्याला फोन लावला. वहिनींनी तो बाबांच्या कानाला धरला. मी दोन्ही आकडे सांगितले, पाईपाचा आणि जोडाचा.

"जोडाचा पुन्यांदा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितला. ते "बरं" म्हणाले आणि फोन वहिनींकडे गेला. मी ऑफिसात गेले आणि नकाशावर ती लाइन लाल केली.